लगेज वेगळं, पाणी वेगळं: धारगळ ते मेलबर्न

आदला दिवस, धारगळ

गोव्यातल्या मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, तेव्हापासून आमच्या अंगणातून विमानाचं पोट दिसतं, चाकं खाली सोडलेली. आमची ही वाळवण घालता घालता वर बघते आणि म्हणते, "आज याला उशीर झाला." एकतीस वर्षं कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, कंडक्टरशी संसार केल्यावर बाईमाणसाला वेळापत्रकाचा नाद लागतोच.

तर विमानतळ घरापासून पंधरा मिनिटांवर असूनही आम्ही मेलबर्नला निघालो ते थिवीहून कोकणकन्या पकडून. वाड्यावर ज्याला सांगितलं तो हसला. कारण साधं होतं, लगेज. मुंबईहून पुढच्या विमानात माणशी वीस किलो आम्ही विकत घेतले होते, आणि मोपा-मुंबई विमानात पंधराच नेता येतात. शिवाय ती दोन वेगळी तिकिटं. पहिलं विमान लटकलं तर दुसरं आपल्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. म्हापशाहून येणारी बस उशिरा आहे म्हणून पणजी स्टँडवर शेवटची बस पाच मिनिटं अडवून धरणारे कंडक्टर मी पाहिलेत, त्यांतला एक मीच. विमानात तसं कोण करणार?

स्वस्त विमानाचा हिशेब भाच्यानं कॉम्प्युटरवर दाखवला आणि मी तो वहीत उतरवून घेतला. दोघांचं जाऊन-येऊन भाडं ५९,६०० रुपये. लगेज १६,४००. लांबच्या टप्प्यात शेजारी-शेजारी बसायचं तर सीटचे ४,४००. पैसे भरले म्हणून वर १,२००. एकूण ८१,६००. जेवण, पाणी, पांघरूण यात काही नाही. ज्या कंपनीत हे सगळं तिकिटातच येतं ती एक लाख बारा हजार सांगत होती. फरक तीस हजार चारशे. माझ्या पेन्शनीत तीस हजार ही गंमत नव्हे. ही म्हणाली, "चपात्या मी करते."

लेक बाळंत झालेली, म्हणून डिंकाचे लाडू. मग खाजें, आमसुलं, काजू, हरमलच्या मिरचीची पूड. पेढे नकोत म्हणून लेकीनं आधीच बजावलं होतं, दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात शिरू देत नाहीत. वजनकाटा शेजाऱ्याच्या काजूच्या भट्टीवरून आणला, आकड्याला बॅग अडकवायची तो. एक बॅग १९.८, दुसरी २०.३. मी आमसुलांची एक पुडी काढली, हिनं ती मागून परत घातली.

पहिला दिवस, कोकणकन्या

कोलवाळचा पूल ओलांडून थिवी, गाडी वेळेवर, झोप बरी. आगगाडीत कुणी बॅग तोलत नाही, यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस, मुंबई

पहाटे दादरला उतरलो. दिवस गिरगावात चुलतभावाकडे. रात्री आठलाच टर्मिनल दोनवर हजर, विमान अकरा चाळीसचं. भाऊ दारापर्यंत आला. आत त्याला सोडत नाहीत.

काउंटरवरच्या मुलीनं हसून बॅगा घेतल्या. २०.३ ला ती काही बोलली नाही, मीही तिच्या जागी बोललो नसतो. पण हातातल्या पिशव्याही काट्यावर ठेवायला लावल्या. सात किलोंची हद्द. हिची ६.९ आणि माझी ६.४, मी मिशीला हात लावला.

मिशी फार वेळ टिकली नाही. पाच मिनिटांत माझ्या नावाचा पुकारा. आतल्या खोलीत बॅग उघडायला लावली आणि लाडवांच्या डब्याखालून निघाल्या सुक्या खोबऱ्याच्या आठ वाट्या. मी हिच्याकडे बघितलं, ही छताकडे. माणूस सभ्य होता. त्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. सुकं खोबरं, त्यांच्या भाषेत कोप्रा, धोकादायक मालाच्या यादीत आहे. तेल असतं, दमट जागी कोंडून राहिलं की आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. त्याला संयुक्त राष्ट्रांचा नंबरसुद्धा आहे, १३६३. आमच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पोतंभर खोबरं पडून असतं, पण तो माळा आहे, विमानाचं पोट नव्हे. मी स्वतः बसमध्ये रॉकेलचे कॅन चढू दिले नाहीत आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या. मुकाट्यानं वाट्या दिल्या. लाडू राहिले. ही सिंगापूर येईपर्यंत त्या आठ वाट्यांबद्दलच बोलत होती.

या पहिल्या विमानात पडदा नाही, उशी नाही. सीटच्या खिशात प्लास्टिकचं एक कार्ड: आणीबाणीत काय करावं. उलट बाजूला शेवयांची किंमत. शेजारी सासष्टीचा एक तारवटी, म्हणजे जहाजावरचा नोकरदार. सिंगापूरला बोट धरायला चाललेला, वर्षातून दोनदा हाच प्रवास. आमच्याकडे बघून त्यानं ओळखलं.

"पात्रांव, शाल हाडल्या मू?"

शाल होती. मग त्यानं शाळा घेतली. शेवटच्या रांगेतली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये, पाठ मागे जात नाही आणि संडासाची रांग डोक्यावर उभी राहते. मोजे जाड घालावेत, बूट सैल. मोठ्या खिशांचं जाकीट घालावं, कारण अंगावरचं कुणी तोलत नाही. आणि पाणी! रिकामी बाटली न्यायची, सिंगापूरला भरायची, पण गेटवर जायच्या आधी नव्हे. तिथे बहुतेक टर्मिनलांत तपासणी थेट गेटच्या तोंडाशी असते, भरलेली बाटली तिथे ओतून टाकावी लागते. तपासणीनंतर आत नळ आहे, तिथे भरायची. हे कुठल्याच तिकिटावर लिहिलेलं नसतं. बोटीवर तो भांडी घासायला लागला होता, आता स्वयंपाक्यांचा मुकादम आहे. विमान सुटल्यावर त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि साडेपाच तास हललासुद्धा नाही.

मला झोप येईना. गुडघा आणि पुढची सीट यांत तीन बोटं जागा. हीही जागीच. चपात्यांचा डबा मांडीवर, पण कार्डावर लिहिलेलं, बाहेरचं अन्न खाऊ नये. रात्री दोनच्या सुमारास दिवे मंद झाल्यावर हिनं शालीखाली डबा उघडला. बटाट्याच्या सुक्या भाजीचा वास चार रांगा गेला असणार. हवाई सुंदरी आली, वाकली, आणि मला वाटलं आता पावती फाडणार. ती म्हणाली, "आंटी, लोणचं आहे?" मराठीत! मूळची रत्नागिरीची. दिलं.

तिसरा दिवस, सिंगापूर

सकाळी साडेसात. घड्याळ अडीच तास पुढे. तारवटी "देव बरें करूं" म्हणून गेला. आमचं पुढचं विमान सव्वाअकराचं, बॅगा परस्पर मेलबर्नला जाणार होत्या.

विमानतळ बघण्यासारखा आहे, खोटं कशाला बोलू. पाय दाबणारी यंत्रं फुकट. हिनं दोनदा दाबून घेतले. टर्मिनल दोन आणि तीनच्या मधे छोटी गाडी धावते, ती काचेच्या घुमटातून जाते आणि मधोमध छतातून धबधबा कोसळत असतो, चाळीस मीटर. माणसं ओरडत होती. ही शांत. "आमच्या दूधसागरासमोरून पण आगगाडी जाते. आणि तो पंपावर चालत नाही." दूधसागर तीनशे दहा मीटर, हे मी मनात धरलं.

साडेदहाला गेटवर गेलो. फलकावर ११:१५ च्या जागी १२:३०. बरं. बाराला ते झालं १:४५. मग आकडा गेला आणि नुसतं 'नवी वेळ कळवू' असं आलं. गेटवर दोन मुली निळ्या गणवेशात, संगणकाकडे बघत बसलेल्या. साडेतीनशेच्या आसपास माणसं. एक पंजाबी आजोबा व्हीलचेअरवर, त्यांच्या औषधाची वेळ झालेली. एका बाईचं तान्हं रडून निळं पडलेलं. माणसं एकेक करून त्या मुलींकडे जात होती आणि तेच ऐकून परत येत होती: थांबा.

मला राग उशिराचा नव्हता. एका पावसाळ्यात पणजी-बेळगाव गाडीचा रेडिएटर अनमोड घाटात रात्री अकराला गेला. ड्रायव्हर खाली, मी आत. बावन्न प्रवासी, बाहेर काळोख आणि पाऊस. मी सीटवर चढून उभा राहिलो आणि म्हणालो, रेडिएटर गेलाय, दुसरी गाडी फोंड्याहून येईल, दीड तास तरी लागेल, बायकांना उतरायचं असेल तर मी बॅटरी घेऊन बरोबर येतो. एकानं शिवी दिली, बाकीचे झोपले. दर अर्ध्या तासानं परत उभा राहून सांगितलं, काही नवं नसलं तरी. गाडी पावणेतीन तासांनी आली. कुणी तक्रारवही मागितली नाही. कंडक्टरच्या नोकरीत तिकीट फाडणं सोपं. बंद पडलेल्या गाडीत उभं राहणं, त्याचा पगार.

शेवटी मी त्या मुलींकडे गेलो आणि माझ्या इंग्रजीत म्हटलं, "माइक घ्या आणि काहीही सांगा." एकीनं वर बघितलं. डोळे लाल होते. सकाळपासून तिला माणसं बोलत होती आणि तिलाही वरून कुणी काही कळवलं नव्हतं. त्यानंतर तिच्यावर राग धरणं जमेना.

दोन वाजता कळलं, तेही आमच्या रांगेतल्या लातूरच्या मुलाकडून. तो मेलबर्नला शिकतो, त्याचा कुणी मित्र विमानतळावर काम करतो. चाक! विमानाचं एक चाक बदलायचं होतं आणि सुटं चाक यायला वेळ लागला. मला इतकं हसू आलं की हिनं कोपर मारलं. पंक्चर. चार तास साडेतीनशे माणसं पंक्चरसाठी बसवली आणि कुणाला सांगायची लाज वाटली.

मुलगा हुशार. त्यानं स्वस्ताईचं गणित सांगितलं. अशा कंपन्यांकडे विमानं थोडी आणि शक्यतो एकाच जातीची, म्हणजे सुटे भाग आणि पायलटांचं शिक्षण एकच. विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं ठेवायचं, उतरलं की भरून परत उडवायचं. डेपोत राखीव गाडी ठेवायची नाही. म्हणून सकाळी एक लटकलं की रात्रीपर्यंतची माळ लटकते. आमच्या पर्वरी डेपोत राखीव गाडी असायची, कळकट, पण असायची. भाड्यातले तीस हजार कुठून वाचले ते मला त्या बाकावर बसून समजलं.

युरोपातून सुटलेलं विमान असतं तर, तो म्हणाला, तीन तासांहून उशीर म्हणजे लांबच्या प्रवासाला सहाशे युरोपर्यंत भरपाई मागता येते, २००४ सालचा नियम आहे. इथे जेवणाची चिठ्ठी मिळाली. त्या चिठ्ठीत दोन चहा आणि एक केळं बसलं.

तीन वीसला सुटलो.

तोच दिवस, वर

हे विमान मोठं, ड्रीमलाइनर. तीन-तीन-तीन अशी रांग. मुलगा म्हणाला, बोइंगनं हे आधी आठ सीटांच्या रांगेसाठी आखलं होतं, बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या. नववी सीट म्हणजे माझा उजवा खांदा. पुढच्या सीटचं अंतर ३१ इंच, आणि गंमत अशी की महागड्या कंपन्यांतही साध्या वर्गात ३१ नाहीतर ३२. म्हणजे तीस हजारांत फार तर एक इंच. बाकी पैसे जेवण, उशी, पडदा आणि 'सर' म्हणण्याचे.

खिडकीला झडप नाही, बटण आहे, दाबलं की काच निळी होत जाते. ही ते बटण अर्धा तास खेळली. हवेबद्दल मात्र मला बरं वाटलं: इतर बहुतेक विमानांत आतली हवा आठ हजार फुटांवरच्याइतकी विरळ ठेवतात, यात सहा हजार. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तर आम्ही सात तास कळसूबाईच्या जरा वर बसून होतो, शाल पांघरून. ओठ तरीही फुटतात. हवा कोरडी, पाणी पीत राहावं लागतं, आणि पाणी प्यायलं की मधल्या सीटवरून शेजारच्याला उठवावं लागतं. उठवावं. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसलं की पोटरीत रक्त गोठण्याची भीती असते. मी उभ्यानं आयुष्य काढलेलं; दर तासाला मागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहत होतो आणि सवयीनं वरचा दांडा शोधत होतो.

हिला चहा हवा झाला. चार सिंगापूर डॉलर, आपले अडीचशेच्या वर. "अहो, राहू दे," म्हणाली, पण आवाज कोरडा होता. मी नोट काढली. रोख चालत नाही, फक्त कार्ड. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद. एकतीस वर्षं मी सुट्ट्या पैशांवरून लोकांना बोललो, त्याची फेड त्या वरती झाली. लातूरच्या मुलानं कार्ड पुढे केलं. पैसे घेईना. शेवटी त्याला चार डिंकाचे लाडू दिले, तर तो पहिला लाडू खाऊन खिडकीकडे वळला आणि बराच वेळ तसाच बसला.

चौथा दिवस, मेलबर्न

रात्री दोनला उतरलो. विमानात एक कार्ड भरायला देतात: खाण्याचं काही आहे का. लेकीनं सांगितलं होतं, बाबा, सगळ्याला 'हो' लिहा. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर वस्तू जाते. 'हो' लिहिलं. वेगळी रांग. कुत्रा आला, आमच्या पिशवीपाशी बसला. अधिकारी बाईनं सगळं टेबलावर मांडलं. खाजें हातात घेऊन विचारलं हे काय. ही म्हणाली, "जत्रा स्वीट." आलं, गूळ, बेसन, तीळ, बाईनं वास घेतला, परत ठेवलं. आमसुलं उजेडात धरून बघितली, गेली पास. मग तळाशी एक कापडी पुरचुंडी. फणसाच्या आठळ्या, गेल्या मोसमातल्या, वाळवलेल्या. मी याही पहिल्यांदाच बघत होतो. बियाणं म्हणून घेतल्या, दंड नाही.

"खोबरं तुम्ही घालवलंत, आठळ्या त्यांनी," ही दारातून बाहेर पडताना म्हणाली. समोर लेक, कडेवर बाळ.

त्यानंतरचे सदतीस दिवस इथे लिहीत नाही, ते आजोबाचे आहेत, प्रवाशाचे नाहीत. एवढंच की एका रात्री जावयानं फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रजाची गोष्ट सांगितली. १९७७ साली त्यानं लंडन-न्यूयॉर्क विमान काढलं, ५९ पौंड, आगाऊ आरक्षण नाही, रांग लावून तिकीट घ्यायचं आणि जेवण हवं तर विकत. लोक रस्त्यावर झोपून रांगा लावायचे. १९८२ मध्ये कंपनी बुडाली. मला माणूस आवडला.

एकेचाळिसावा दिवस, परत

जाताना मेलबर्न साडेपाच तास पुढे होतं, आता साडेचार. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळं मागे करतात. हातातल्या पिशव्या या वेळी काउंटरवर नाही, थेट गेटवर तोलत होते. हिची ८.४. तिथे पैसे भरायचे तर आधी घेतलेल्या लगेजाच्या दुप्पट. तारवट्याचा मंत्र आठवला. हिनं जावयाचं जाकीट घातलं, खिशांत चॉकलेटं, बाळाच्या फोटोंचा अल्बम पोटाशी. ६.९. पोरगा वजन करत होता, त्यानं हिच्या पोटाकडे बघितलं, हिनं त्याच्याकडे. सोडलं.

सिंगापूरला उशीर नाही. मुंबईला रात्र बाकावर काढली.

बेचाळिसावा दिवस, मोपा

लेकीनं हट्टानं मुंबई-मोपाचं तिकीट काढून दिलं होतं, लगेजाचे जास्तीचे पैसे भरून. उतरताना ही खिडकीशी. लाल माती, काजू, मग एक अंगण. "आमचंच. शेजारणीनं वाळवण घातलंय." मला दिसलं नाही, पण मी हो म्हटलं.

बाहेर टॅक्सीवाल्यांनी घेरलं. मी समोर उभ्या असलेल्या कदंबाच्या इलेक्ट्रिक बसकडे गेलो, म्हापशामार्गे पणजी. कंडक्टर नवा पोरगा, मला ओळखण्याचं कारण नाही. बस भरली तरी सुटेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे एक पर्यटक कुरकुरायला लागला. पोरगा दारातून आत आला, मधल्या दांड्याला धरून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "हैदराबादचं विमान उतरलंय, त्यांतले चार जण या गाडीचे आहेत. सात मिनिटं थांबतो."

मी सुटे पैसे तयार ठेवले. आमच्या सुकेकुळणला उतरवशील का, विचारलं. स्टॉप नाही, पण उतरवतो म्हणाला. बॅगांकडे बघून लगेजाचं वेगळं तिकीट फाडलं.